जुनं डायव्हर घड्याळ घेताना अवस्था आणि अस्सलपणा कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हाताशी येणारी जुनी डायव्हर घड्याळं, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली, बहुतेक सीकोची असतात: ६३०९, ७००२ आणि एसकेएक्स ही मॉडेलं. त्यातली बरीचशी आखातात नोकरीला गेलेल्यांच्या मनगटावरून इथे आली. म्हणून खालची उत्तरं मुख्यतः सीकोला धरून आहेत. स्विस घड्याळांबद्दल शेवटी थोडक्यात.

डायव्हर नेमकं कशाला म्हणायचं?

फिरती बेझल (काचेभोवतीचं कडं) आणि जाड केस (घड्याळाचं धातूचं कवच) असली की डायव्हर, असं नाही. आयएसओ ६४२५ या मानकानुसार डायव्हर घड्याळाला किमान १०० मीटरची क्षमता लागते. लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली ते तपासलेलं असावं लागतं, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता आलं पाहिजे. सीकोचं पहिलं डायव्हर १९६५ सालचं, १५० मीटरचं. त्या वेळी हे मानक नव्हतं, त्यामुळे जुन्या घड्याळावर आजचे शब्द शोधू नका.

अवस्था आणि अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी का?

एखादं घड्याळ ओरखड्यांनी भरलेलं असेल, पण त्यातला प्रत्येक भाग कारखान्यातलाच असेल. दुसरं आरशासारखं चमकत असेल, पण त्याची डायल परवा छापलेली, काटे बाजारातले आणि आत भलतंच मशीन. पहिलं घड्याळ दुरुस्त होतं. दुसऱ्याचं फार काही करता येत नाही. विकणारा ‘कंडिशन एकदम टॉप’ म्हणतो तेव्हा तो सहसा चकाकीबद्दल बोलत असतो, आणि जुन्या घड्याळात चकाकी ही संशयाची पहिली जागा.

दुकानात पाचच मिनिटं मिळाली आणि मागचं झाकण उघडू देत नसतील तर?

चावी (बाजूची, वेळ लावायची) पेच सोडवून बाहेर घ्या. ६३०९, ७००२ आणि एसकेएक्समधलं ७एस२६ या तिन्ही मशीनना हाताने चावी देता येत नाही, आणि चावी पूर्ण ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. चावी फिरवताना किल्ली भरत असल्यासारखं जाणवलं, किंवा ओढल्याबरोबर सेकंदकाटा थांबला, तर आत बहुधा एनएच३५ किंवा एनएच३६ हे नंतरचं मशीन बसवलेलं आहे. ते मशीन चांगलं आहे, फक्त त्या घड्याळाचं नाही. झाकण न उघडता इतकी खात्रीची दुसरी परीक्षा नाही.

मग चावी परत बसवा. पेच मऊ, एकसारखा फिरला पाहिजे. मध्येच अडकला, तिरका चढला किंवा शेवटी न आवळता नुसता फिरत राहिला, तर चावी जिच्यात पेचते त्या नळीचे आटे गेलेत. अनेक सीको डायव्हरमध्ये ही नळी केसचाच भाग असते, त्यामुळे ती बदलणं म्हणजे लेथचं काम. सातपूर-अंबडला अचूक टर्निंग करणारे पुष्कळ आहेत, पण घड्याळाची केस हाती धरायला तयार होणारे थोडे. किंमत ठरवताना हे धरून चला.

बेझल फिरवून पाहा. ६३०९ ची बेझल दोन्ही बाजूंना फिरते आणि पूर्ण फेरीत ६० टकटक होतात. एसकेएक्सची फक्त उलट दिशेने फिरते, १२० टकटक. एकाच दिशेने फिरण्यामागे कारण आहे: धक्का लागून बेझल सरकली तर पाण्यातला वेळ जास्त दाखवते, म्हणजे माणूस लवकर वर येतो. मोकळी फिरणारी, आवाज न करणारी बेझल असेल तर आतली स्प्रिंग किंवा बारीक गोळी गेलेली असते. हे मात्र स्वस्तात दुरुस्त होतं.

शेवटी काटे हळूहळू पुढे नेऊन रात्रीचे बारा ओलांडा. तारीख बाराच्या आसपास बदलते आणि वार त्यानंतर, पहाटेपर्यंत. तारीख अर्धवट अडकली तर कॅलेंडरचं चाक झिजलं आहे. झटपट तारीख बदलायची चावी रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात कधीच फिरवू नका, ही चाकं त्यामुळेच तुटतात. ७००२ मध्ये वार नसतोच, फक्त तारीख असते. ‘७००२’ सांगून वाराची खिडकी दाखवली तर पुढे बोलण्याची गरज नाही.

मागच्या झाकणावरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरणार्थ ‘६३०९-७०४०’. पहिले चार आकडे मशीनचे, नंतरचे चार केसचे. त्याशिवाय सहा खुणांचा अनुक्रमांक असतो. त्यातली पहिली खूण सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरी महिना. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, पुढे ‘ओ’ म्हणजे ऑक्टोबर, ‘एन’ म्हणजे नोव्हेंबर, ‘डी’ म्हणजे डिसेंबर.

समजा ६३०९ च्या झाकणावर अनुक्रमांक ३ ने सुरू होतो आणि दुसऱ्या जागी ‘डी’ आहे. हे डायव्हर १९७६ ते १९८८ या काळात बनलं, तेव्हा ३ चा अर्थ एकच: डिसेंबर १९८३. पण पहिली खूण ७ असेल तर १९७७ आणि १९८७ दोन्ही शक्य आहेत, आणि मग डायलवरची छपाई, काचेचा प्रकार पाहून ठरवावं लागतं. ७००२ ही ६३०९ नंतरची पिढी, आणि एसकेएक्स १९९६ नंतरचं. एसकेएक्सच्या झाकणावर ७एस२६-००२० असं लिहिलेलं असतं. ‘एसकेएक्स००७’ हे नाव घड्याळावर कुठेच नसतं, त्यामुळे ते झाकणावर शोधत बसू नका.

झाकण हे घड्याळाचं सगळ्यात सहज बदलता येणारं अंग आहे. म्हणून झाकणावरचा क्रमांक म्हणजे पुरावा नव्हे, तो फक्त प्रश्न विचारतो. उत्तर डायल आणि मशीन देतात.

डायल पुन्हा छापलेली आहे, हे कसं ओळखायचं?

डायल हाच घड्याळाच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा, आणि फसवणूकही इथेच सर्वांत जास्त. जुन्या सीकोच्या नव्याने छापलेल्या, भडक रंगाच्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नाशिकच्या बाजारातही तोच माल येतो, इतकंच की त्याला इथे ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात.

दहापट भिंग घ्या आणि डायल उजेडाकडे तिरकी धरा. या गोष्टी पाहा:

अक्षरांच्या कडा. कारखान्याची छपाई थोडी उंचावलेली, कडेला काटेकोर असते. पुन्हा छापलेल्या अक्षरांच्या कडेला शाई पसरलेली दिसते, ‘एस’चे दोन गोल एकसारखे नसतात, आणि ओळीतली अक्षरं एका रेषेवर बसत नाहीत.

तारखेच्या खिडकीची कड. नवा रंग चढवताना तो खिडकीच्या कडेवर साचतो. मूळ खिडकीची कड सरळ आणि कोरडी असते. ही खूण छायाचित्रातही पकडता येते, कारण कारागीर खिडकीच्या आतून रंग खरवडत बसत नाही.

तळाची बारीक ओळ. सहाच्या खाली अगदी कडेला डायलचा क्रमांक असतो. त्याचे पहिले चार आकडे मशीनशी जुळले पाहिजेत. पुनर्छपाईत ही ओळ गाळलेली, पुसट किंवा दुसऱ्याच मॉडेलची असते.

तासांच्या जागी असलेल्या, अंधारात चमकणाऱ्या गोळ्यांची उंची. मूळ गोळ्या एकसारख्या जाड आणि कडेला स्वच्छ. हाताने भरलेल्या कमी-जास्त फुगलेल्या, कडेबाहेर सांडलेल्या.

एक सावधगिरीही. एसकेएक्समध्ये डायलभोवतीच्या तिरक्या मिनिटरिंगेच्या खुणा डायलच्या खुणांशी तंतोतंत न जुळणं हे कारखान्यातूनच होत असे. त्यावरून नकली ठरवू नका.

सेकंदकाटाही तपासा. एसकेएक्सच्या सेकंदकाट्याचा चमकता गोळा शेपटीकडे, म्हणजे जाड टोकाकडे असतो. गोळा टोकाकडे असलेला काटा दिसला तर तो बदललेला.

‘रेडियम’ अजून चमकतंय, म्हणजे मूळ आहे ना?

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतात, मग त्यात रेडियमचा अंशही नसो. खरं रेडियम १९६० च्या दशकापर्यंतच्या घड्याळांत असे. त्यानंतर स्विस घड्याळांत ट्रिटियम आलं आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यामुळे १९७५ चं ट्रिटियम आज जवळपास विझलेलं असायला हवं. १९९० च्या दशकात सीकोने किरणोत्सर्ग नसलेलं लुमिब्राइट आणलं, ते प्रकाश साठवून तासन्‌तास चमकतं.

परीक्षा सोपी. अतिनील टॉर्च दहा सेकंद मारा आणि लगेच खोलीतला दिवा बंद करा. १९८३ च्या घड्याळाची डायल रात्रभर हिरवी चमकत राहिली, तर तिच्यावर नवा मसाला भरलाय. जुना मसाला उजळतो आणि पटकन मावळतो. काटे आणि डायल यांचा रंग, चमक आणि मावळण्याचा वेग एकमेकांशी जुळला पाहिजे. काटे पिवळट आणि डायल पांढरी असेल तर दोन्हींपैकी एक नंतरचं. मात्र ओल शिरलेल्या घड्याळात काटे आधी काळवंडतात, तेवढा फरक चालतो.

खऱ्या रेडियमची घड्याळं (डायलवर काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग हे त्याचं लक्षण) उघडू नका, खरवडू नका. धोका मनगटावर घालण्यात कमी, पूड श्वासात जाण्यात जास्त.

केस पॉलिश झालीय की नाही, हे कसं पाहायचं?

पॉलिशने घड्याळाचं होणारं नुकसान परत भरून येत नाही. एसकेएक्सची पट्ट्याच्या बाजूची शिंगं वरून रेषा असलेली, मॅट असतात आणि बाजूने आरशासारखी. दोन्ही पृष्ठं जिथे भेटतात तिथे धारदार कड असते. कड गोल झाली, वरच्या रेषा पुसल्या आणि सगळी केस एकसारखी चमकायला लागली, की कुणीतरी ती बफवर धरली आहे. घड्याळ सराफ बाजारात नेऊन दागिना चमकवण्याच्या बफवर धरणारे भेटतात. भांडं, दागिना यासाठी तो बफ ठीक आहे. स्टीलच्या केसवरून तो धातू समान काढत नाही, कडा आणि उंच भाग आधी खातो.

झाकणाची बाजूही पाहा. ६३०९ आणि त्यानंतरच्या डायव्हरवर मागे समुद्राची लाट कोरलेली असते. लाटेचा खोलपणा गेला असेल तर झाकण घासलेलं. झाकणाच्या खाचांच्या कडा खरवडलेल्या असतील, तर कुणी हत्याराऐवजी पेचकस वापरून ते उघडलंय, आणि आत काय सापडेल याची तयारी ठेवावी.

पट्टा काढूनही पाहा. पट्ट्याच्या दांड्या सीको डायव्हरमध्ये २.५ मिलिमीटर जाड असतात. नेहमीच्या बारीक दांड्या घातल्या की त्या भोकात हलतात, भोक रुंदावतं आणि एके दिवशी घड्याळ रस्त्यात पडतं.

मागचं झाकण उघडल्यावर काय पाहायचं?

सोबत घड्याळजी असेल तर उत्तम. पेचाचं झाकण तीन दातांच्या ओपनरनेच उघडावं, ओपनर घसरला की ओरखडा कायमचा.

आधी मशीनचा क्रमांक पाहा, पुलावर (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) किंवा रोटरवर (मनगट हललं की फिरणाऱ्या वजनावर) तो असतो. ६३०९ ला १७ ज्वेल्स (चाकांच्या टोकांखालचे खडे), ७००२ ला १७, ७एस२६ ला २१. झाकणाच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर पुढचं सगळं विकत घेताना ‘सुटे भाग’ समजूनच.

मग झाकण उलटं करून त्याची आतली बाजू पाहा. दुरुस्त करणारे तिथे बारीक खुणा आणि तारखा खरडून ठेवतात. दोन-तीन जुन्या खुणा म्हणजे घड्याळाची काळजी घेतली गेली.

आता वॉशर बसतो ती खोबण. लाकडी टूथपिकने तिथला मळ हळू काढा. घामातलं मीठ आणि ओल वॉशरखाली साचून स्टील खातं, आणि तिथे बारीक खड्डे दिसतात. वॉशर नवा घातला तरी खड्ड्यातून पाणी शिरतंच. खड्डे खोबणीच्या तळाशी असतील तर मूळ केसवर पाणीरोधकपणा विसरा. वेल्डिंग करून परत टर्निंग करणं शक्य आहे, पण ते घड्याळाच्या किमतीला परवडेल का हे आधी विचारा.

शेवटी चावीच्या दांड्यापाशी पाहा. गंज सगळ्यात आधी तिथे येतो. नंतर वाराच्या चकतीवर आणि स्क्रूच्या डोक्यांवर. बॅलन्सभोवती (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाभोवती) लालसर पूड दिसली, तर पाणी केव्हाच शिरून गेलंय.

पाण्यात घालून पोहता येईल का?

डायलवर ‘१५० मीटर’ लिहिलंय ते १९८० साली खरं होतं. रबर काही वर्षांत कडक होतं, मग दाबाखाली फट पडते. त्यामुळे दोन वॉशर, झाकणाचा आणि चावीचा, नवे बसवून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात लावून, आणि दाबाची चाचणी करून मगच. आधी हवेची कोरडी चाचणी घ्या, ती पास झाली तरच पाण्याची. उलट केलं तर पाणी आत गेल्यावरच फट कळते. चाचणी पास झाल्यावरही सावरकर जलतरण तलावातलं पोहणं ठीक, रामकुंडात बुडीही ठीक, पण गरम पाण्याने अंघोळ नको. उष्णतेने वॉशर मऊ पडतो आणि साबण त्यातलं ग्रीस धुऊन नेतो. चावी घट्ट पेचलेली आहे याची खात्री करायला विसरू नका. सगळ्यात जास्त घड्याळं याच एका विसराळूपणाने भिजतात.

काचेच्या आत धुकं येतंय. काय करायचं?

नाशिकची हिवाळ्यातली सकाळ ही एक फुकटची चाचणी आहे. गार हवेत आत ओल असेल तर काचेच्या आतून धुकं येतं. घरी करून पाहायचं असेल तर घड्याळ कोमट पाणी भरलेल्या पेल्यावर, पाण्याला न टेकता, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग काचेवर थंड पाण्याचे चार-पाच थेंब टाका, मिनिटभराने पुसा. आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे.

पाणी शिरलं असेल तर तांदळाच्या डब्यात घालून बसू नका, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, झाकण उघडून सुकवायला सांगा. गंज दोन-तीन दिवसांतही सुरू होतो.

घड्याळ दिवसाला एक मिनिट पुढे जातं. मशीन खराब?

तसंच नाही. सीकोनेच ७एस२६ साठी दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंद ही मर्यादा ठेवलेली आहे. त्यापेक्षा जास्त पुढे जात असेल तर आधी चुंबकत्व तपासा, मोबाइल आणि स्पीकरजवळ ठेवलेल्या घड्याळात ते येतं. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र बहुतेक घड्याळजींकडे असतं. तरी फरक पडला नाही तर टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून मशीन तपासणाऱ्या यंत्रावर) ठेवून पाहा: पूर्ण भरलेलं, डायल वर, ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २२० अंशांच्या वर आणि बीट एरर (दोन बाजूंच्या झोक्यांतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर समाधानी राहा. २०० च्या खाली आलं की तेल वाळलंय.

कोणते भाग बदललेले चालतात?

काच आणि वॉशर बदललेले चालतात, ते झिजणारेच भाग. बेझलची पट्टी उडून राखाडी झाली असेल तर ती तशीच ठेवा. नवी पट्टी आकड्यांच्या जाडीवरून लगेच ओळखू येते. काटे बदललेले असतील तर किंमत कमी करून घ्या. डायल बदललेली असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: सोडून द्या, मग घड्याळ कितीही स्वस्त मिळो. स्वस्त आणि बदललेली डायल असलेलं घड्याळ नंतर विकतानाही तितक्याच स्वस्तात जातं.

ऑनलाइन विक्रेत्याकडून कोणती छायाचित्रं मागवायची?

डायल काचेवरून सरळ आणि तिरकी, तारखेची खिडकी जवळून, तळाची बारीक ओळ, मागच्या झाकणावरचे सगळे आकडे, झाकण उघडून मशीन, शिंगांची कड बाजूने. शिवाय एक छोटा व्हिडिओ: चावी ओढताना सेकंदकाटा थांबतो की नाही, ते दाखवणारा. झाकण उघडायला तयार नसेल, तर तसा भाव द्या.

रोलेक्स किंवा ओमेगा असेल तर?

रोलेक्सचा डायव्हर, सबमरिनर, १९५३ चा. जुन्या घड्याळांत मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला शिंगांच्या मध्ये आणि अनुक्रमांक सहाच्या बाजूला कोरलेला असतो, तो पट्टा काढल्यावर दिसतो. कोरीवकाम चमकदार आणि खोल असायला हवं, आम्लाने खाल्ल्यासारखं धूसर नाही. ट्रिटियमच्या काळातल्या डायलवर तळाशी ‘टी’ अक्षर असतं. ट्रिटियमनंतरच्या काळात फक्त ‘स्विस’ लिहिलेली डायल १९९८ च्या आसपासची. १९७२ च्या घड्याळावर ती सापडली, तर डायल नंतर बदललेली आहे, भले कंपनीनेच बदललेली असो. इतक्या किमतीचा व्यवहार मेनरोडवर उभ्या-उभ्या करू नका. झाकण उघडून, पट्टा काढून, स्वतंत्र घड्याळजीच्या समोर.

वडिलांचं घड्याळ आहे, विकायचं नाही. तरीही हे सगळं करायचं का?

तपासणी करा, बदल करू नका. मशीनची साफसफाई आणि तेल, दोन्ही वॉशर, जाड दांड्या, इतकंच करून घ्या. काम देताना घड्याळजीला लिहून द्या: केस पॉलिश करू नये, डायलला हात लावू नये, निघालेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. उडालेली बेझल आणि ओरखडे तसेच राहू द्या.